गोठणारी आणि न गोठणारी

कॅनडात ओटावाच्या आसपास जानेवारीतल्या कित्येक रात्री पारा उणे २० अंशांच्या खाली जातो. माळावर गोल्डनरॉडची वाळलेली झुडपं बर्फातून वर डोकावत असतात. कुणाच्या खोडावर सुपारीएवढी गोल गाठ असते, कुणाच्या खोडावर लांबट. गोल गाठीत युरोस्टा माशीची अळी राहते, लांबट गाठीत एपिब्लेमा पतंगाची. ऊब म्हणाल तर या घरांत नावालाही नाही. बाहेर पारा उतरला की आतही उतरतो.

नुसत्या थंडीपेक्षा कीटकाला भय असतं ते बर्फाचं. पेशीत स्फटिक धरले की बहुतेक वेळा खेळ संपलाच. पतंगाची अळी म्हणते, गोठायचंच नाही. शरदात ती अंगातल्या ग्लायकोजेनपासून ग्लिसरॉल बनवते, म्हणजे औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीनच. भर हिवाळ्यात तिच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ग्लिसरॉलचा असतो आणि उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत तिच्यातलं पाणी गोठत नाही. गोठलं, तर मात्र ती मेलीच.

माशीची अळी खुशाल गोठते, आणि मला तिचंच कौतुक जास्त. उणे ८-१० अंशांच्या सुमारास तिच्या पेशींबाहेरचं पाणी गोठू लागतं. हा बर्फ पेशींतलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसतात. पण आत साठवलेलं ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉल त्यांना मर्यादेबाहेर आक्रसू देत नाही. अंगातल्या निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो, रक्ताभिसरण थांबतं, आणि तरी वसंतात ती वळवळू लागते. तिच्या चरबीच्या पेशी तर आतूनही गोठतात आणि तगतात, हे आर. डब्ल्यू. सॉल्ट यांनी १९५९ साली दाखवलं.

गोठण्याआधी एक काम ती उरकून ठेवते. माशीला कुरतडणारे जबडे नसतात, म्हणून अळीच शरदात बाहेरपर्यंत बोगदा कोरते आणि तोंडाशी फक्त पातळ पापुद्रा राखते. वसंतात माशी डोक्यावरची पिशवी फुगवून तो फोडते.

एवढी तयारी सुतारपक्ष्यापुढे मात्र फुकट जाते. आणि गोठलेल्या तळ्यांवर भोकं पाडून मासे धरणारेही या गाठी फोडून अळ्या गळाला लावतात.