उतारा वाचला, पण कळला का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचं ऊन उतरलं होतं आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. शेजारच्या घरातली नात एक नमुना प्रश्नपत्रिका घेऊन आली. पोर हुशार. बारावीचा निकाल चांगला लागेल याची घरच्यांना खात्री. दिल्लीला जाऊन इतिहास शिकायचा, असं तिच्या मनाने घेतलेलं. कागद माझ्यापुढे धरत ती म्हणाली, "आबा, वाचता तं येते सारं, पन कळत काहीच नाही."

इंग्रजी उतारा होता तो, आणि त्याखाली प्रश्न. उताऱ्याचा विषय काय, तर बर्फाच्या उतारावरून पायाला पट्ट्या बांधून घसरत जाण्याचा खेळ! मी तिला एकेक शब्द विचारला. निम्म्याहून अधिक शब्दांचे अर्थ तिने बरोबर सांगितले. वाक्यंही अडखळत का होईना लावली. तरी डोळ्यांसमोर चित्र उभं राहीना. राहावं तरी कसं? आमच्या जानेफळात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. पोत्यात गुंडाळलेला.

त्या कागदाने मला माझे जुने दिवस आठवले आणि एक जुनाच प्रश्नही नव्याने छळू लागला. उतारा देऊन आपण नेमकं काय तपासतो? मुलाची इंग्रजी, त्याची समज, की तो कोणत्या घरात जन्मला ते?

दाराशी उभा असलेला उतारा

ज्यांच्या घरात यंदा बारावीचं मूल नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. २०२२ सालापासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. नॅशनल टेस्टिंग एजन्सी ती घेते. त्याआधी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळे, आणि काही महाविद्यालयांची यादी शंभर टक्क्यांपाशी अडकून बसे. आता बारावीत पास होऊन ही परीक्षा द्यायची. २०२५ पासून प्रत्येक विषयाला पन्नास प्रश्न, साठ मिनिटं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक गुण वजा. सगळं संगणकासमोर बसून. भाषेच्या विषयात माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक असे उतारे येतात. शिवाय समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्यांचा क्रम लावणं वगैरे.

आमची मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसतात तेव्हा निदान काही उतारे पाठ्यपुस्तकातले असतात. वर्षभर तोच धडा घोटलेला, गाइडातली उत्तरं पाठ झालेली. इथे मात्र प्रत्येक उतारा अनोळखी. घड्याळ पुढे सरकतंय, चुकलं तर गुण जाणार, आणि समोरचा माणूस कधी न पाहिलेल्या गावची गोष्ट सांगतोय.

परदेशी विद्यापीठांची तऱ्हाही वेगळी नाही. आयईएलटीएस या परीक्षेत वाचनाला साठ मिनिटं असतात. त्यात तीन लांब उतारे आणि चाळीस प्रश्न. हा अडसर आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी ओलांडलेलाच नाही, असं मात्र नाही. शेजारच्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. त्यांनी उभी केलेली 'एकलव्य' ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामवंत संस्थांच्या प्रवेशाची वाट दाखवते. म्हणजे वाट आहे. पण ती दाखवायला कुणीतरी लागतं, हेही त्यातून कळतं.

गहाणखताने दिलेला हात

आता माझी गोष्ट. आम्हाला एबीसीडी भेटली ती पाचवीत. मास्तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या पठडीतले. वाक्य फळ्यावर लिहायचं, मराठी करायचं, पुन्हा इंग्रजी करायचं. इंग्रजी ही समजून घ्यायची नसून उलटी-सुलटी करायची गोष्ट आहे, असाच आमचा समज होता.

१९८२ साली बँक भरतीची परीक्षा द्यायला मी नागपूरला गेलो. इंग्रजीच्या विभागात दोन उतारे होते. पहिला समुद्रातल्या दीपगृहाविषयी. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्या उताऱ्याने माझी पुरती दमछाक केली. दुसरा उतारा सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीत शब्द आला, 'मॉर्गेज'. हा शब्द मला ठाऊक होता. कारण आमचं चार एकराचं वावर सावकाराकडे गहाण होतं आणि वडिलांच्या तोंडी तो विषय रोज संध्याकाळी असे. जमीन कुणाची, ताबा कुणाचा, व्याज थकलं की काय होतं, सोडवायची तर काय करावं लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पुढचे कितीतरी इंग्रजी शब्द मला येत नव्हते. तरी सगळी उत्तरं बरोबर आली असावीत, कारण मला नोकरी मिळाली.

मग मला इंग्रजी येत होतं की नव्हतं? पहिल्या उताऱ्याला विचाराल तर नव्हतं. दुसऱ्याला विचाराल तर उत्तम येत होतं! माणूस तोच, तास तोच, पेन्सिलही तीच.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही, हे पुढे वाचनातून कळलं. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला कळत होता, काहींना नाही. निष्कर्ष असा, की वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपण क्रिकेटवरून सहज ताडून पाहू शकतो. 'गलीत झेल सुटला' हे वाक्य न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाला द्या. तो बिचारा गल्लीबोळात चेंडू शोधत फिरेल.

दुसरी गंमत याहून मोठी. १९९० साली स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सॅट या प्रवेश परीक्षेतले उताऱ्यांवरचे प्रश्न विद्यार्थ्यांना दिले. पण उतारे काढून घेतले! तरीही निव्वळ अंदाजाने जितकी उत्तरं बरोबर यावीत, त्यापेक्षा कितीतरी अधिक आली. पर्यायांच्या घडणीवरून, जगाच्या माहितीवरून मुलं उत्तर ओळखत होती. उतारा न वाचताही उताऱ्याचे गुण मिळत असतील, तर शिकवणीवाले शिकवतात ते उगाच नाही: 'आधी प्रश्न वाच, मग त्यातला शब्द उताऱ्यात हुडक.' यात चपळाई आहे. तिला वाचन म्हणावं का, हा प्रश्न आहे.

मग परीक्षाच नको?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग बंद करा ही इंग्रजी! तसं मला वाटत नाही. आपल्याकडे ही परीक्षा काही काल आलेली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. ज्याला आपण 'मॅट्रिक' म्हणत आलो, ती मुळात शाळा सोडल्याची नव्हे, विद्यापीठात शिरण्याची परीक्षा. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तिच्या पहिल्याच तुकडीतले. इंग्रजीचा उंबरठा ओलांडूनच ती माणसं आत गेली आणि आतून मराठी माणसासाठी पुष्कळ काही घेऊन आली. पुढे १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवलं, तरी इंग्रजी हा विषय सोडला नाही. ज्ञान आपल्या भाषेत मिळावं आणि जगाची खिडकीही उघडी असावी, हा शहाणपणा त्यात होता.

आमच्या तालुक्याचंच उदाहरण सांगतो. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे. कायद्याचा अभ्यास त्या काळी इंग्रजीतलाच. पण कविता लिहिली ती अस्सल मराठी मातीतली. 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी वाचता आलं म्हणून त्यांचं मराठीपण उणावलं नाही.

शिवाय पोर उद्या दिल्लीच्या वर्गात बसली, तर तिथलं शिकवणं मुख्यतः इंग्रजीत, आणि ग्रंथालयातली बहुतेक पुस्तकंही. दारात सूट दिली आणि आत कुणी हात धरला नाही, तर ती पहिल्या सहामाहीतच खचेल. माझं म्हणणं इतकंच की परीक्षेने विचारायचा प्रश्न 'हिला आत घ्यावं की नाही' एवढाच नसावा. 'आत घेतल्यावर हिला काय मदत लागेल' हाही असावा. उतारे निवडताना ते बर्फ, विमानतळ आणि बागेतला चहा एवढ्यावर थांबू नयेत. त्यात विहीर यावी, बाजार यावा, एसटी यावी. आणि वेळ थोडा सैल असावा. विचार करून वाचणारा माणूस मंद वाचतो. ते बुद्धी कमी असल्याचं लक्षण नाही.

आणखी एक गोष्ट खेड्यापाड्यांतल्या पालकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. सीयूईटीत भाषेची परीक्षा तेरा भाषांपैकी कोणत्याही भाषेत देता येते, आणि त्यांत मराठी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांना या तेरांपैकी कोणतीही एक भाषा चालते. इंग्रजी ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमांना अर्थात इंग्रजीच लागते. विद्यापीठागणिक नियम वेगळे, तेव्हा अर्ज भरण्याआधी ज्याचे त्याचे नियम नीट पाहून घ्यावेत. मी हे सांगितलं तेव्हा ती पोर क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "दोन्ही देतो आबा. मराठीबी आन् इंग्रजीबी." आमच्याकडे मुलीही 'देतो'च म्हणतात!

ओसरीवरची शाळा

आम्ही मग बर्फाचा उतारा बाजूला ठेवला. रोज संध्याकाळी तासभर बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी फवारणीच्या औषधाच्या डब्यातलं घडीचं पत्रक तिच्यापुढे ठेवलं. मुंगीएवढी अक्षरं. तिने ते भराभर लावलं. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे तिला घरातूनच माहीत होतं. पत्रकात एका ठिकाणी विषबाधेवर काय द्यावं ते लिहिलेलं असतं. तो इंग्रजी शब्द तिला येत नव्हता, पण मागचं-पुढचं वाचून ती म्हणाली, "म्हंजे उतारा!" खरंच की. आपल्या भाषेत परीक्षेतला उतारा, तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा आणि विषावरचा उतारा, तिन्हींना शब्द एकच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते आम्ही विसरलेलो नाही. कोणता उतारा न कळल्याने काय जातं, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही.

मग पीकविम्याच्या अटी वाचल्या, बियाण्याच्या पिशव्या वाचल्या, शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं वाचली. ओळखीच्या विषयाकडून अनोळखी विषयाकडे. महिन्याभराने तिने बर्फाचा तो उतारा आपणहून काढला आणि म्हणाली, "हे तं टेकडीवरून घसरगुंडी खेळनंच हाये." चित्र उभं राहिलं होतं.

एका संध्याकाळी ती घरच्या पेटीतला एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. तिच्या आजोबांनी विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचा. बँक कुठली ते सोडून देऊ. छापील इंग्रजी मजकूर, पानभर. तिने तो सावकाश वाचला. एका कलमापाशी थांबून दोनदा वाचला. शेवटी अंगठ्याचा निळा ठसा होता, आणि त्याखाली एक ओळ, तीही इंग्रजीत: वरील मजकूर कर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवून समजावून सांगितला आहे. खाली अधिकाऱ्याची सही.

"आबा," तिने विचारलं, "हे खरंच वाचून दाखवलं होतं का त्याईले?"

ती सही माझी नव्हती. ती शाखाही माझी नव्हती. पण त्याच ओळीखाली मी आयुष्यात किती सह्या केल्या, त्याचा हिशेब नाही. मार्चअखेरची गर्दी, बाहेर ताटकळलेली माणसं, बैलगाडीने आलेला शेतकरी परतायच्या घाईत. कधी नीट वाचून दाखवलं. कधी 'इथे अंगठा लाव, काही काळजी करू नको' एवढंच म्हणालो. दीपगृहाचा उतारा मला कळला नव्हता म्हणून माझे फार तर चार गुण गेले असतील. त्या माणसांचं काय पणाला लागलं होतं, ते गहाणवटीच्या घरात वाढलेल्या मला तरी कळायला हवं होतं.

मी तिला खरं तेच सांगितलं: "कधी दाखवलं, कधी नाही." ती काही बोलली नाही. कागदाची घडी घातली आणि पुढच्या उताऱ्याचं पान काढलं.

तिने दोन्ही भाषांची परीक्षा दिली. निकालाचे दिवस आले की पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी मेहकरकडून आमच्या गावात येते आणि सगळं जानेफळ रस्त्यावर लोटतं. तिच्या निकालाचा आकडा मी मुद्दामच इथे लिहीत नाही, कारण या लेखाचा विषय तो नाही. तिच्या घरात मात्र एक बदल झाला आहे, तेवढा सांगतो. आता त्या घरी कुठलाही कागद आला, मग तो बँकेचा असो, विम्याचा असो की औषधाचा, आधी तो तिच्या हातात जातो. ती वाचते, सर्वांना मराठीत सांगते, आणि त्यानंतरच कुणी सही करतं.