भूगर्भातील तेलाचा माग

खनिज तेल आणि वायू जमिनीखाली तळ्यासारखे साठत नाहीत. वालुकाश्म किंवा चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत ते मुरलेले असतात. साठा होण्यासाठी सेंद्रिय द्रव्य असलेला गाळाचा खडक, तेल सामावून घेणारा सच्छिद्र थर, त्यावर अभेद्य आवरण आणि वर सरकणारे तेल अडवणारी घडी किंवा भ्रंश, एवढे सगळे जुळून यावे लागते. शोध सुरू होतो तो या रचनेचा.

गाळाचे खडक कुठे जाड आहेत, हे आधी पाहतात. ते ग्रॅनाइटपेक्षा हलके असल्याने तेथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. चुंबकीय मोजणीतून खालच्या कठीण खडकाच्या खोलीचा अंदाज येतो. सोलापूरच्या परिसरात वर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आहे. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनात सुमारे 338 मीटर बेसाल्टखाली गाळाचा जेमतेम काही मीटरचा थर आणि मग प्राचीन कठीण खडक लागला. अशा ठिकाणी तेलाची आशा फारशी धरता येत नाही.

पुढची पायरी भूकंपीय सर्वेक्षणाची. जमिनीवर छोटे सुरुंग किंवा कंपने निर्माण करणारे जड ट्रक, तर समुद्रात दाबाखालची हवा एकदम सोडणारी एअरगन वापरतात. थरांच्या सीमांवरून परतलेल्या लाटा जमिनीवर जिओफोन आणि पाण्यात हायड्रोफोन टिपतात. लाट परतायला लागलेला वेळ आणि तिचा वेग यांवरून थरांची खोली व आकार ठरतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र लाटा विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखालचा मोठा उंचवटा 1960च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झालेल्या अशाच सर्वेक्षणातून कळला. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या फिरत्या मंचाने फेब्रुवारी 1974मध्ये तेथे विंधन केले आणि चुनखडकात तेल लागले. मे 1976मध्ये मुंबई हाय नावाच्या या क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले.

विंधन चालू असताना वर येणाऱ्या चिखलातील खडकाचा चुरा आणि वायू तपासतात. नंतर विहिरीत उपकरणे सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, तेल व वायू नेत नाहीत. म्हणून सच्छिद्र थरात रोध वाढला की तो थर आशादायक ठरतो. ही पद्धत श्लुम्बर्जर बंधूंच्या कंपनीने 1927मध्ये फ्रान्समध्ये प्रथम वापरली. अखेर त्या थरातून तेल प्रत्यक्ष वाहू देऊन दाब आणि प्रवाह मोजतात, आणि आसपास आणखी विहिरी खणून साठ्याचा विस्तार ठरवतात.