चुकलेल्या ठेवीचे परिमार्जन

आपल्या शहरातील पुष्कळ मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीस आहेत. तेथे हुशार माणसाच्याही हातून एक चूक होते, आणि ती लाजेपोटी झाकून ठेवली तर दरवर्षी महाग पडत जाते. तिचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्तिखात्याची सोय झाली. १९९७ साली तिचा आणखी एक प्रकार निघाला. सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावावरून त्यास ‘रॉथ’ खाते म्हणतात. त्यात कर भरून उरलेला पैसा ठेवावयाचा. नियम पाळले तर म्हातारपणी तो वाढीसकट करमुक्त हाती येतो. सवलत मोठी, म्हणून कुंपणही आहे. २०२४ साली पन्नाशीच्या आतील माणसास फार तर ७,००० डॉलर भरता येत. आणि अविवाहिताचे उत्पन्न १,६१,००० डॉलर वा अधिक असल्यास रॉथ खात्यात काहीच भरता येत नसे.

समजा, एका अविवाहित इंजिनियराने जानेवारी २०२४ मध्ये ७,००० डॉलर भरले. पुढे बढती मिळाली आणि वर्षाचे उत्पन्न १,७०,००० वर गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्याने विवरणपत्र मुदतीत दाखल केले, आणि मग चूक ध्यानी आली. आता काय करावे?

कायदा येथे उदार आहे. विवरणपत्र वेळेवर दिलेले असेल तर मूळ मुदतीपुढे सहा महिने, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत, दुरुस्तीस अवधी मिळतो. मार्ग दोन. पहिला, रक्कम परत घेणे. मात्र नुसते पैसे काढून भागत नाही. ही जादा भरण्याची परतफेड आहे, असे खाते सांभाळणाऱ्या संस्थेस कळवावे लागते. ७,००० वर ३५० डॉलर वाढ झाली असेल तर ७,३५० बाहेर काढावे लागतात. मुद्दलावर कर आधीच दिलेला आहे. ३५० डॉलर मात्र २०२४ च्या उत्पन्नात धरून सुधारित विवरणपत्र द्यावे लागते. दुसरा मार्ग, ती रक्कम वाढीसह जुन्या पद्धतीच्या निवृत्तिखात्यात वळविणे. त्या खात्यात भरण्यास उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि पैसा आरंभापासून तेथेच भरला असे कायदा मानतो. याचीही नोंद सुधारित विवरणपत्रात करावयाची.

ही तारीख चुकली तर जादा रकमेवर शेकडा ६ दंड बसतो: ७,००० वर ४२० डॉलर. तो एकदाच नव्हे. रक्कम तशीच राहिली तर दरसाल. पाच वर्षांत २,१०० डॉलर! तरीही दार बंद होत नाही. त्या वर्षाचा दंड भरून, पुढील ३१ डिसेंबरच्या आत केवळ जादा रक्कम काढून घेतली तर पुढच्या वर्षाचा दंड टळतो. किंवा पुढील वर्षी पात्रता असल्यास ती त्या वर्षाच्या मर्यादेत जिरविता येते.

दाखल केलेले विवरणपत्र म्हणजे दगडावरची रेघ, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. सुधारण्याचा रस्ता कायद्यानेच आखून ठेवला आहे. त्यावर चालावयास मात्र आधी चूक कबूल करावी लागते. म्हणून परदेशी असलेल्या लेकराशी बोलताना प्रकृतीबरोबर या खात्याचीही एकदा विचारपूस करावी, आणि ती ऑक्टोबरपूर्वी करावी, इतकेच आमचे सांगणे.