कसला डॉक्टर होणार?

बारावीचा निकाल लागला, ‘नीट’चे गुण आले आणि अमक्याच्या पोराचा नंबर डॉक्टरकीला लागणार अशी कुणकुण गावात पसरली, की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, “काय रे, कसला डॉक्टर होणार?” पोरगा लाजतो. त्याच्या आधी बापच सांगून टाकतो, “हार्टचा!” चुलता म्हणतो, “हाडाचा हो. रस्त्यावर अपघात काय कमी होतात?” आजी म्हणते, “आधी माझ्या डोळ्यांचं बघ बाबा.”

पारावर हसण्यावारी जाणारा हा प्रश्न काही मुलामुलींना एके दिवशी मुलाखतीच्या खोलीत, टेबलापलीकडून विचारला जाऊ शकतो. तेथे बाप नसतो, चुलता नसतो. मुलाने स्वतःच बोलायचे असते. म्हणून या प्रश्नाची तयारी घरातच झालेली बरी.

मुलाखत कोठे असते?

आपल्या राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. तेथे एम.बी.बी.एस.साठी मुलाखत नसते. पण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची रीत वेगळी आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ‘नीट’च्या गुणांवर निवडक मुलामुलींना बोलावतात. त्यांची इंग्रजीची व तर्कशक्तीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी होते. येथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जावे लागते. शेतकऱ्याच्या हुशार मुलाला किंवा मुलीला ही वाट मोलाची आहे.

आधी वर्षांचा हिशेब

पुष्कळ घरांत समजूत असते की मुलगा कॉलेजात गेला तो ‘हार्टचा डॉक्टर’ होऊनच परतणार. पण पी हळद नि हो गोरी, असे या विद्येचे नाही. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व प्रत्यक्ष रुग्णसेवेचे एक वर्ष, अशी साडेपाच वर्षे सर्वांना सारखीच. मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे तर त्यापुढे आणखी तीन. म्हणजे कोठेही न अडखळता साडेअकरा वर्षे! तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने “मी अमुकच होणार” अशी शपथ घ्यावी, असे मुलाखत घेणाऱ्यालाही वाटत नसते. या मुलाने डोळे उघडे ठेवून काय पाहिले आहे आणि त्यावर काही विचार केला आहे का, हे त्याला पाहायचे असते.

ओसरीवरची तालीम

लोणार तालुक्यातल्या एखाद्या घरची ओसरी डोळ्यांपुढे आणा. सोयाबीनची पोती एका बाजूला रचलेली आहेत. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी बाजेवर बसून मुलीची तालीम घेत आहेत. बाप उंबऱ्यापाशी बसून ऐकतो आहे.

“पुढे कोणता विभाग घ्यायला आवडेल?”

“हृदयरोग, गुरुजी.”

“का बरं?”

“त्याला मान आहे.”

“हृदयाचा एखादा रोगी जवळून पाहिला आहेस?”

मुलगी गप्प. गुरुजी म्हणतात, “बरं, मग दवाखान्यात काय पाहिलंस ते सांग.”

“वहिनीचं बाळंतपण अडलं होतं. डॉक्टर होते, पण भूल देणारे नव्हते. म्हणून पुढं पाठवलं. मी गाडीत वहिनीचा हात धरून बसले होते. दोघं वाचली, पण ती रात्र विसरत नाही.”

“मग भूलतज्ज्ञ व्हायचं, असं का नाही म्हणत?”

“त्याचं नावच कुणी घेत नाही, गुरुजी.”

इतका वेळ गप्प असलेला बाप म्हणतो, “त्या राती गाडीसाठी मी दारोदार फिरलो. तेच सांग, माय. खरं आहे ते सांग.”

अशा तालमीतून मुलीला उत्तर सापडते. पोट उघडून बाळ काढायचे तर भूल देणारा हवाच. तो नुसते इंजेक्शन देऊन बाजूला होत नाही. शस्त्रक्रिया चालू असेतो रोग्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब तोच सांभाळतो. त्याच्यावाचून चांगल्या सर्जनचेही हात बांधलेले राहतात. मुलगी आता असे सांगू शकते: “आज मला भूलशास्त्राची ओढ वाटते, आणि त्याचे कारण मी पाहिले आहे. पण अजून मी काहीच शिकलेली नाही. सगळे विभाग पाहीन, मग ठरवीन.” पुढचा प्रश्न येईल, “तो विभाग मिळाला नाही तर?” त्यालाही सरळ उत्तर आहे: “जेथे गरज असेल तेथे चांगले काम करीन.”

मात्र अशी गोष्ट मनाने रचू नये. समोरची माणसे जाणती असतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला बनवलेली गोष्ट उघडी पडते. खोट्याच्या कपाळी गोटा!

शेगावचा मुलगा

गरज पाहून शिक्षण निवडल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शेगावचे रवींद्र कोल्हे नागपुरात डॉक्टरकी शिकले आणि मेळघाटातील बैरागडला जायचे त्यांनी ठरवले. अशा दुर्गम गावात काम करायचे तर काय यायला हवे, असे त्यांनी जाणत्या डॉक्टरांना विचारले. उत्तर मिळाले: सोनोग्राफी व रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता यावे, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखता यावा आणि अतिसारावर उपचार करता यावा. ते त्यांनी शिकून घेतले. पुढे एम.डी. केली तीही रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात. २०१९ साली त्यांना व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली.

आणखी मागे गेलो तर आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे (हे बंगालमधले) भरसभेत उभे राहून, आपण का जातो हे त्यांनी सांगितले. देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांचे कारण होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. स्वतःच्या दुःखातून त्यांना आपला विषय सापडला होता.

आईबापांना दोन शब्द

आपल्या मनातला विभाग लेकराच्या तोंडी घालू नका. त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात परवानगी काढून दोन-चार दिवस बसू द्या. कोणते रोगी येतात, कोणाला पुढे पाठवतात, का पाठवतात, हे त्याने वहीत टिपावे. घरात साप चावल्याचे, फवारणीची बाधा झाल्याचे प्रसंग घडले असतील तर त्यांवर मोकळेपणी बोला. इंग्रजीची भीती असेल तर रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मोठ्याने बोलण्याचा सराव करू द्या. आपल्याला कळले नाही तरी समोर बसून ऐका.

लोणारहून अवघड रोगी मेहकर, बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला लागतो. ती वाट आपल्या मुलांनी रुग्णाजवळ बसून पाहिलेली असते. मुलाखतीत सांगण्याजोगे त्यांच्यापाशी पुष्कळ आहे. ते सांगायला लाजू नये, एवढेच त्यांना समजवा.