पाळणाघरांचा दर्जा : कायदा मोजतो कोणाला?

बंगळुरूच्या उत्तरेस वसलेल्या येलहंका येथे रेल्वेचा चाक कारखाना १९८४ पासून कार्यरत आहे. अशा औद्योगिक उपनगरातील पाळणाघरांवर शासनाची देखरेख कितपत असते, हे जाणण्यासाठी कायद्याची रचना पाहणे आवश्यक ठरते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ अन्वये पन्नासहून अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघर बंधनकारक होते. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. पुरेशी जागा, प्रकाश, स्वच्छता आणि प्रशिक्षित महिलांची देखरेख या त्यातील अटी होत्या. प्रसूती लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने किमान ५० कर्मचाऱ्यांचा निकष घालून मातेला दिवसातून चार भेटींची मुभा दिली. केंद्राने २०१८ मध्ये त्यासाठी किमान मानके सुचविली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६७ मध्येही ५० हाच आकडा आहे.

तथापि, हे निकष कर्मचारी मोजतात, बालके नव्हेत. वसाहतीतील एखाद्या घरात चालणारे खाजगी पाळणाघर त्यामुळे या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते. घरकामगार स्त्रीचे मूल मात्र बहुधा तेथेच असते. बालकांच्या संख्येवर आधारित नोंदणी आणि नियमित तपासणी झाली, तरच देखरेख सर्वात दुर्बल मुलापर्यंत पोहोचेल.