काम नसताना गप्प बसणारं यंत्र

तामिळनाडूत घरगुती विजेचं बिल दर दोन महिन्यांनी येतं आणि त्यातली पहिली 100 युनिटं फुकट असतात. महावितरणच्या महिन्याच्या बिलाला सरावलेला मराठी माणूस नोकरीनिमित्त चेन्नईच्या तांबरमला येऊन राहतो, तेव्हा त्याला याचं अप्रूप वाटतं. घरात जुना डेस्कटॉप असेल, तर मात्र या फुकटातला मोठा वाटा तोच गिळतो. कॅबिनेट आणि मॉनिटर मिळून 120 वॅट धरा. घरून काम करणाऱ्याचे रोजचे आठ तास, म्हणजे दोन महिन्यांचे 480 तास. हिशेब 57.6 युनिटांवर जातो. तेच काम आजचा साधा, हलका लॅपटॉप चार्जरमधली गळती धरूनही सरासरी 15 वॅटमध्ये करतो, म्हणजे 7.2 युनिटं. माणूस दोन्हींवर तेच करत असतो: मेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल आणि मधूनच क्रिकेटचा स्कोअर. मग वरची 50 युनिटं जातात कुठं?

वीज शेवटी उष्णताच होते, दोन्ही यंत्रांत. फरक पडतो तो त्यातली किती काम करताना खर्च झाली आणि किती नुसती वाट बघण्यात गेली, यामुळे. सराईत टंकलेखक सेकंदाला पाच अक्षरं उमटवतो असं समजू. दोन अक्षरांमध्ये सेकंदाचा पाचवा भाग जातो. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात 60 कोटी ठोके पडून जातात. एक अक्षर पडद्यावर उमटवायला त्यातले फार थोडे लागतात. बाकीच्या वेळात प्रोसेसरनं काय करायचं, हा कॉम्प्युटरच्या रचनेतला मोठा प्रश्न आहे, आणि जुन्या व नव्या यंत्रांमधलं अंतर मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

जुना डेस्कटॉप जागाच राहायचा, किंवा फार तर पेंगायचा. आजचा प्रोसेसर रिकाम्या गाभ्यांचा, म्हणजे कोअरचा, वीजपुरवठाच तोडतो आणि पुढची कळ दाबली गेली की डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी उठून बसतो. म्हणून काम आलं की पूर्ण वेगानं उरकायचं आणि लगेच झोपायचं, असं आजच्या चिपचं धोरण असतं. जी चिप लवकर उरकते ती जास्त वेळ झोपते आणि कमी वीज खाते. ‘वेगवान’ आणि ‘काटकसरी’ ही जाहिरातीतली दोन विशेषणं वेगवेगळी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे.

हे शहाणपण एका अपयशातून आलं. 2004 पर्यंत इंटेलचा सगळा भर ठोक्यांचा वेग वाढवण्यावर होता. त्या वर्षीच्या पेन्टियम-4 मालिकेतल्या वरच्या चिपसाठी 115 वॅट उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागे. पुढची ‘तेजस’ नावाची चिप इंटेलनं त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केली, कारण तिची उष्णता आवरण्याजोगी नव्हती. यामागचं गणित साधं आहे. चिपमधल्या कळा, म्हणजे ट्रान्झिस्टर, उघडझाप करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज निम्मं केलं की वीज चौथाईवर येते, पण वेग वाढवायचा तर व्होल्टेज चढवावं लागतं. शिवाय ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसे ते बंद असतानाही थोडी वीज झिरपू देऊ लागले. इंटेलच्याच इस्रायलमधल्या हैफा केंद्रानं लॅपटॉपसाठी वेगळी, सावकाश ठोक्यांची पण हुशार चिप बनवली होती. 2003 चा पेन्टियम-एम तो हाच. शेवटी कंपनीला त्याच वाटेनं जावं लागलं.

दुसरी वाट केंब्रिजमधून निघाली होती आणि तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली आर्म चिप 26 एप्रिल 1985 रोजी हातात आली. ती किती वीज घेते हे बघायला फर्बर यांनी पुरवठ्याच्या तारेत मीटर जोडला, तर काटा शून्यावर, आणि चिप मात्र व्यवस्थित चालत होती! शोध घेतल्यावर कळलं की बोर्डमध्ये चूक राहून चिपला पुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून येणाऱ्या संकेतांमधली किरकोळ वीज पिऊन ती काम करत होती. स्वस्तातलं प्लॅस्टिकचं आवरण वितळू नये म्हणून एका वॅटच्या आत राहायचं, एवढंच त्यांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात चिप वॅटच्या दहाव्या भागातच भागवत होती. त्याच घराण्यातल्या चिप पुढं मोबाइलमध्ये गेल्या, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये अॅपलनं एम-1 आणली तेव्हा लॅपटॉपच्या दुनियेची झोप उडाली. 1.29 किलोंच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता. चार दांडगे गाभे आणि चार बारीक, ही एम-1 ची मांडणी. उंदीर मारायला तोफ काढायची नाही, हे तत्त्व. मेल येतो का ते बघायला बारीक गाभे, व्हिडिओ जोडायला दांडगे. आता इंटेल, एएमडी आणि क्वालकॉम यांच्या चिपही कमीअधिक फरकानं असंच काम वाटून देतात.

प्रोसेसर इतका झोपायला लागला की मग सगळ्यात जास्त वीज पडदा खातो. त्यावरही युक्ती निघाली आहे. पडद्यावरचं चित्र बदलत नसेल, तर पडदा ते स्वतःच्या छोट्या मेमरीत ठेवून पुन्हा पुन्हा दाखवतो आणि ग्राफिक्सचा भाग विश्रांती घेतो. तुम्ही हा लेख पडद्यावर वाचत असाल, तर आत्ता बहुधा हेच चाललं असेल. ब्राइटनेस थोडा उतरवला की बॅटरी लांबते, ती मात्र पडदाच सगळ्यात जास्त वीज खातो म्हणून.

बॅटरीचं मोल तांबरमला वेगळं सांगायला नको. 2 डिसेंबर 2015 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत इथं 49 सेंटिमीटर पाऊस झाला. पुण्याची अख्ख्या पावसाळ्याची सरासरी साठ सेंटिमीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज बांधा. अड्यार नदीकाठचा मुडिचूर, वरदराजपुरमचा भाग पाण्याखाली गेला. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटचं काय झालं असेल हे सांगायला नको, आणि वीज गेली ती गेलीच. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळानं पुन्हा तीच गत केली.

अशा वेळी डेस्कटॉपखालच्या यूपीएसचा भरवसा किती? साध्या 600 व्हीए यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. गुणाकार केला तर 84 वॅट-तास. एम-1 मॅकबुक एअरची बॅटरी 49.9 वॅट-तासांची, म्हणजे यूपीएसमधली साठवण मोठी आहे! तरी ती पंधरा-वीस मिनिटांत मान टाकते, कारण 7 अँपिअर-अवर ही क्षमता बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच मिळते. डेस्कटॉप तिच्यातून एकदम दहा-बारा अँपिअर ओढतो, तेव्हा निम्मी क्षमताही हाती लागत नाही. एम-1सारखा 5 वॅटवर चालणारा लॅपटॉप त्याहून लहान बॅटरीवर दहा तास काढतो. बॅटरी सुधारल्या आहेत हे खरंच. लिथियम-आयनच्या शोधाला 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण हे दहा तास मुख्यतः मागणी घटल्यामुळं मिळाले आहेत.

वजनही त्याच कारणानं उतरलं. उष्णता कमी म्हणून तांब्याच्या नळ्या आणि पंखा लहान किंवा गायब, वीज कमी म्हणून बॅटरी लहान, बॅटरी लहान म्हणून चार्जर खिशात मावणारा. बीच ते तांबरम ही उपनगरी लाइन विजेवर आली 1931 मध्ये. त्या लाइनवर सकाळी उभ्यानं जाताना, पाठीवरची सॅक पुढं छातीशी धरावी लागते तेव्हा, अडीच किलो आणि सव्वा किलो यातला फरक चांगलाच कळतो.

इथवर वेगाची गोष्ट अर्धीच झाली. जुन्या कॉम्प्युटरवर ज्याचा खरा वैताग येतो, ते चालू होताना लागणारं युग आणि फाइल उघडताना फिरत राहणारं चक्र, त्याचा गुन्हेगार बहुतेक वेळा प्रोसेसर नसतोच. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुईनं योग्य वर्तुळावर सरकायचं, त्याचे आणखी बारा. एका वाचनाला झाले साडेसतरा मिलिसेकंद. चालू होताना यंत्राला अशी विखुरलेली 5000 वाचनं करावी लागली असं समजा. नुसती वाट बघण्यात 87 सेकंद गेले. एसएसडीत फिरणारं काही नाही. एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग. त्याच 5000 वाचनांना अर्धा सेकंद. ज्या फ्लॅश मेमरीवर हे चालतं ती तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधली.

मेमरीच्या बाबतीत हलक्या लॅपटॉपची एक खोच आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये मांडलेले आकडे चिप आखणाऱ्यांना पाठ असतात. दोन संख्यांची बेरीज करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या काही हजार पट त्यातली एक संख्या बाहेरच्या रॅममधून आणायला लागते. म्हणून नव्या रचनांत रॅम प्रोसेसरला चिकटवून, कधी त्याच्याच पॅकेजमध्ये बसवतात. वीज वाचते, वेग वाढतो, पण रॅम नंतर वाढवता येत नाही. 8 जीबी घेऊन ‘पुढं बघू’ म्हणणाऱ्याला पुढं काही बघायला मिळत नाही. घेतानाच 16 घ्यावी.

पंखा नसलेल्या लॅपटॉपबद्दलही माझं मत थोडं खडूस आहे. मे महिन्यात चेन्नईत अग्नी नक्षत्रम हा कडक उन्हाचा काळ लागतो, पारा चाळिशीला टेकतो, आणि सगळ्या घरांत एसी नसतो. पंखा नसलेलं यंत्र मेल आणि कोडिंगला इथंही उत्तम. पण तासतासभर व्हिडिओ रेंडर करायला लावलं, तर ते भाजू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतं. तशी कामं असणाऱ्यानं दोनशे ग्रॅम जास्त सोसून पंखा असलेलं घ्यावं. लिथियम बॅटरीलाही उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेलं राहणं या दोन गोष्टी बाधतात. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर प्लग लावून बसणाऱ्यानं ती चालू करावी.

मग जुनं टाकून नवं घ्यावं का? लॅपटॉप बनवताना होणारं कार्बन उत्सर्जन कंपन्यांच्याच अहवालांत ढोबळमानानं दीडशे ते तीनशे किलोंच्या दरम्यान दिसतं, आणि आपल्याकडं एक युनिट विजेमागं सुमारे 0.7 किलो. डेस्कटॉप काढून लॅपटॉप आणला तर वर्षाला तीनशेच्या वर युनिटं वाचतात, दोनशेहून अधिक किलो कार्बन. सौदा साधारण वर्षभरात फिटतो. पण 15 वॅटचा ठीकठाक लॅपटॉप काढून 6 वॅटचा आणला, तर बचत वर्षाला 26 युनिटं, म्हणजे 18 किलो. हा सौदा आठ ते सोळा वर्षांत फिटेल, आणि तोवर नवाही भंगारात गेलेला असेल.

असे ठीकठाक लॅपटॉप या भागात भरपूर आहेत. 15 सप्टेंबर 2011 रोजी, अण्णादुरैंच्या जयंतीला, जयललितांच्या सरकारनं विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. फिरती हार्ड डिस्क, जेमतेम रॅम, आणि विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्स. हे बॉस पुण्याच्या सीडॅकच्या चेन्नई केंद्राचं. त्यामागच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय केंद्रात सीडॅकचा भागीदार होता मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) क्रोमपेटच्या आवारातला एयू-केबीसी विभाग. तांबरमहून निघालं की दुसरं स्टेशन, आणि अब्दुल कलाम जिथं विमानविद्या शिकले तेच आवार. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पानं दोन वर्षांत 20 लाख कॉलेज विद्यार्थ्यांना लॅपटॉप किंवा टॅब द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज-10 चा आधार काढला. विंडोज-11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट यंत्रंही एका तारखेत म्हातारी ठरली.

माझा सल्ला असा. डेस्कटॉप असेल आणि दिवसभर चालत असेल, तर बदला. जुना पार निकामी असेल तर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडं द्या, 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची चौकट त्याचसाठी आहे. जुना लॅपटॉप मात्र एवढ्यात टाकू नका. माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर जाऊन अडीच इंची साटा एसएसडी आणा, जमलं तर एक रॅमची पट्टी. आधी जुन्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडं उतरवून घ्या, मागचे स्क्रू काढा, डिस्क बदला, पंख्यातली धूळ झाडा आणि लिनक्स टाका. वॅट फारसे वाचणार नाहीत, पण ते 87 सेकंद वाचतील. काढलेली हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घाला आणि बॅकअपला वापरा.