इथिओपियातील चर्चभोवतालची वने

ख्रिस्ती धर्माने निसर्ग मनुष्याच्या स्वाधीन केला आणि आजच्या पर्यावरणीय अरिष्टाचे एक मूळ त्यातच आहे, असा आक्षेप लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात घेतला. त्याचा रोख मुख्यतः पाश्चात्य, लॅटिन परंपरेवर होता, ही गोष्ट त्याचा हवाला देणारे बहुधा विसरतात. अन्यत्र उपासनेच्या अंगाने भूमीशी कोणते नाते जुळले, हे पाहण्यासाठी इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या वनांचा येथे विचार करावयाचा आहे.

उत्तर इथिओपियाच्या पठारावर, विशेषतः ताना सरोवराच्या परिसरात, शेते व चराऊ राने यांमध्ये झाडीची बेटे दिसतात. प्रत्येकाच्या मध्यभागी चर्च असते. बहुतेक वने काही हेक्टरांचीच आहेत. परंतु भोवतालचे मूळ जंगल नांगराखाली व जळणापायी गेल्याने रानऑलिव्ह, जुनिपर इत्यादी देशी वृक्षांचे बी आता प्रामुख्याने येथेच उरले आहे.

ही वने का टिकली? उत्तर चर्चच्या रचनेत सापडते. वास्तू पुष्कळदा वर्तुळाकार असून तीत एकात एक अशी तीन मंडले असतात. सर्वांत आतील मंडलात ‘ताबोत’, म्हणजे कराराच्या कोशाचे प्रतीक, ठेवलेला असतो आणि तेथे पुरोहितांवाचून कोणास प्रवेश नाही. वास्तूबाहेर आवार, आवाराबाहेर वन. पावित्र्य केंद्रापासून बाहेर पसरत जाते व झाडी ही त्याची शेवटची कड ठरते. वन हे चर्चचे वस्त्र होय, अशी लोकभावना आहे. आपल्याकडील देवराईची येथे सहज आठवण होते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यासिलेल्या सह्याद्रीतील अनेक देवरायांत रान हेच देवतेचे स्थान असते. इथिओपियात मात्र वृक्षाची पूजा नाही. पूज्य ते आत आहे, वृक्ष त्याचे आच्छादन करतात. १९७५ साली लष्करी राजवटीने ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा चर्चच्या विस्तीर्ण जमिनी गेल्या. मंदिराभोवतीची झाडी बहुतांशी त्याच्याच राखणीत राहिली.

तथापि या भावनेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कुऱ्हाडीला मज्जाव असला तरी गुरांना तो सर्वत्र नव्हता. वृद्ध वृक्ष उभे, पण त्यांखाली रोपे नाहीत, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी आली. अलेमायेहू वासिए या वनशास्त्रज्ञाने २००७ साली वागेनिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या वनांच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न हाताळला आहे. गुरे बाहेर ठेवल्यास रोपे जगण्याची शक्यता वाढते, असे त्याच्या प्रयोगांत दिसून आले. पुढे पुरोहितांच्या पुढाकाराने अनेक वनांभोवती दगडी भिंती उभ्या राहिल्या. दगड लगतच्या शेतांतून वेचलेले. त्यामुळे शेतकऱ्याचे नांगरणेही सोपे झाले.

भिंतीने न सुटणारा प्रश्न निलगिरीचा आहे. दुसऱ्या मेनेलिकच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आलेले हे झाड लवकर वाढते व विकले जाते. चर्चच्या डागडुजीला पैसा लागतोच. म्हणून ते वनांतही लावले जाते. वस्त्राच्या कल्पनेत त्याला आडकाठी करणारे काही नाही, आणि कोणते झाड लावावे हे ती कल्पना सांगत नाही.